डार्करूमची कडी

दि. ७ फेब्रुवारी

ती. आक्कांस,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहे. तुमचे गुडघे आता कसे आहेत? तेल लावता का, की नुसती बाटली कपाटावर ठेवून तिच्याकडे बघता? रागावू नका, सहज विचारलं.

फोन करून पाहिला, पण माझा आवाज ऐकला की तुमच्या घरचा फोन आपोआप बंद पडतो. यंत्रातच काही बिघाड असावा. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पत्र काही मध्येच बंद पडत नाही.

स्टुडिओ बरा चाललाय. लोक आता सगळे फोटो मोबाईलवरच काढतात, तरी पासपोर्टच्या फोटोसाठी कुणीतरी तोंड धरून सरळ करायला लागतंच. सध्या कॅमेऱ्यामागे मीच असते. हनुवटी वर, खांदे सैल, हसू नका. परवा एक आजोबा आले होते. मी म्हटलं, हसू नका. तर म्हणतात, "वा! नवे दात बसवलेत ते काय मिटून ठेवायला?" ह्यांना आतून ऐकू गेलं आणि हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून तुम्हाला मुद्दाम लिहिलं.

ह्यांना जरा अशक्तपणा आहे. हवा बदलली की खोकला होतोच, तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे काम माझ्यावर सोपवून दिवसभर पडून असतात. डार्करूममध्ये खाट टाकून दिलीय. आता फिल्म धुणं वगैरे काही उरलं नाही, सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण तिथला अंधार ह्यांना बरा वाटतो. एकच पंचाईत आहे. दार लोटलं तरी पुन्हा उघडतं, कारण आतून कडीच नाही. स्क्रूंची भोकं तेवढी राहिली आहेत. मी म्हटलं, कडी बसवून घेऊ का? म्हणाले, "राहू दे." मग राहू दिलं. दाराला बाहेरून खुर्ची लावते.

आक्का, तुम्ही एकदा येऊन जाल का? यायला जमत नसेल तर चार ओळी तरी लिहा. दवाखान्यात जा, एवढंच लिहा. कुठला दवाखाना ते मी बघते. माझं बोलणं ह्यांच्या एका कानातून शिरून दुसऱ्याने निघून जातं. तुम्ही नुसतं खाकरलात तरी हे उठून बसतात.

माझ्यामुळे अवघडल्यासारखं होत असेल तर त्या दिवशी मी बाहेर जाईन. नवी कपबशी आणून ठेवली आहे. कागदात गुंडाळलेलीच आहे, मी हात लावलेला नाही. चहा ह्यांना करता येतो.

दाजींना नमस्कार.

आपली,
भावजय


दि. ११ मार्च

ती. आक्कांस,

नमस्कार. तुमचं उत्तर नाही. खाली घड्याळवाल्याकडे रोज विचारते, कारण आमचं टपाल त्याच्याच दुकानात टाकतात. आता तो मला जिन्यावर बघितलं की आधीच मान हलवतो. काल म्हणाला, "वहिनी, पत्र आलं तर मी लपवून ठेवणार आहे का?" चांगला माणूस आहे, मीच त्याच्या डोक्याला ताप देते.

मागच्या पत्रात मी अशक्तपणा लिहिलं होतं. तो शब्द मागे घेते. ह्यांच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं, मग त्याच्या आत आणखी एक. आता पट्टा कमरेभोवती दुसऱ्यांदा यायला बघतो. तोंडात पांढरे चट्टे आलेत. पाणी गिळताना डोळे मिटून घेतात. पोट ठरत नाही. मोरीपर्यंत जाईस्तोवर भिंत धरतात, आणि मी आधार द्यायला गेले की म्हणतात, "अगं, मी काय म्हातारा झालोय?" म्हातारी माणसं बरी आहेत हो. ती नवे दात दाखवत फोटो काढून जातात.

तुम्ही मनात म्हणालच की हिनेच दिलं. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिवस राहिले, तेव्हा दवाखान्यात सगळ्या तपासण्या केल्या आणि माझ्या रक्तात ते निघालं. मग बाळही गेलं. त्यानंतर आम्ही तुमच्याकडे आलो होतो. तुमच्या बैठकीच्या खोलीत, दाजींसमोर ह्यांनी सांगितलं, "मी पण तपासून घेतलं. माझं स्वच्छ आहे." तुम्ही त्यांच्या डोक्यावरून हात फिरवलात. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "बाळ गेलं ते बरंच झालं." माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो खाली ठेवला. निघताना पाहिलं, माझी कपबशी तुम्ही कचऱ्याच्या डब्यात टाकली होती.

ह्यांचं स्वच्छ नव्हतं, आक्का. हे दुसऱ्या गावी जाऊन, भलतंच नाव सांगून तपासून आले होते. त्या भलत्या नावाच्या माणसालाही तोच आजार निघाला.

मी सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात, एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, नाव घातलं. रोज एक गोळी घ्यायची, आयुष्यभर. घेतली तर माणूस चारचौघांसारखा जगतो. मी तशीच जगत होते. ह्यांनी मात्र केंद्राची पायरी चढायला साफ नकार दिला. त्या खिडकीवर बसणारा गृहस्थ तुमच्या गल्लीतला आहे. हे म्हणाले, "त्याने कार्ड लिहिलं की संध्याकाळी आक्काला कळेल मी खोटं बोललो." मी समजावलं, रडले, पाया पडले, भांडी आपटली. काही उपयोग झाला नाही. आणि मग हे आजारी पडायला लागले.

मला ते बघवेना. एक दिवस मी माझी गोळी ह्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, अर्धी घ्या. ह्यांनी पासपोर्टचे फोटो कापायचा कटर घेतला, स्पिरिटने पुसला, आणि गोळी मधोमध कापली. इकडे कण जास्त नाही, तिकडे कण कमी नाही. तुमच्या भावाचा हात तुम्हाला माहीत आहे. शाळेत पेरू वाटून खातात तशा आम्ही दोघांनी एकेक फोड तोंडात टाकली. हसलोसुद्धा. वाटलं, काय सोपं निघालं! आणि खरंच काही महिने ह्यांना बरं वाटलं. जेवायला लागले, शिडीवर चढून पाटी पुसली. मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

मग ह्यांचं पुन्हा बिघडलं, आणि माझंही. केंद्रातल्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहिला. "गोळ्या चुकवता का?" म्हटलं, नाही. "मग कुणाला देता?" मी अर्ध्या गोळीचं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, अर्ध्या गोळीने कुणी अर्धा बरा होत नाही. आजार तेवढा त्या औषधाला सरावतो." मला आता दुसरं औषध दिलंय. हे बिघडवलं तर पुढे फारसं काही हाताशी नाही, असं त्यांनी सांगितलं.

नवी गोळी मी ह्यांच्यासमोर धरली, तर ह्यांनी हात मागे घेतला. "ही तुझी. पुन्हा नाही." तेव्हापासून ह्यांच्या पोटात औषधाचा कणही नाही. मी म्हटलं, मग चला ना केंद्रात, तुमच्या स्वतःच्या गोळ्या घेऊ. "आक्काला कळलं तर मी मरेन." मी म्हटलं, "आणि नाही कळलं तर?" हे भिंतीकडे वळले आणि म्हणाले, "आक्का म्हणाली तर जाईन."

तर आता तुम्हाला कळलं आहे. ते मेले नाहीत. एवढंच लिहा, की मला कळलं आणि तू जा. चार शब्दही पुरतील. हवं तर मला शिव्या द्या आणि शेवटी तेवढं वाक्य लिहा.

आपली,
भावजय


दि. २ एप्रिल

आक्का,

तुमचं पत्र मिळालं. घड्याळवाल्याने वर आणून दिलं, बिचारा धापा टाकत आला. वाटलं, देव पावला. जिन्यातच फोडलं.

तुम्ही लिहिलंत, "माझ्या भावावर खोटा आळ घेऊ नकोस. तू आहेस तोवर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. तू निघून जा, त्याच दिवशी मी येते आणि त्याला बरा करते."

बरा करते म्हणे! कशाने करणार? आल्याच्या रसाने? पाठीवरून हात फिरवून? मी जिन्यात बसून इतकी हसले की घड्याळवाल्याला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. मग रडले, तेव्हा त्याला जरा धीर आला.

पत्र ह्यांना दाखवलं नाही. उशाशी बसून खोटंच सांगितलं, की आक्कांचं पत्र आलंय, त्या विचारतात कसा आहेस. ह्यांनी एवढंच विचारलं, "अक्षर तिचंच होतं ना?"

आता मी ह्यांना दिलेला शब्द मोडते.

कुरळ्या तुम्हाला आठवतो. न आठवायला काय झालं! शाळेपासून ह्यांच्याबरोबर. तुम्ही त्याला दुसरा भाऊ म्हणायचात, ह्यांच्या आधी त्याला वाढायचात. स्टुडिओत हे फोटो काढायचे आणि तो बारीक ब्रशने जुने काळे-पांढरे फोटो रंगवायचा. माझ्या आईचा फोटो त्यानेच रंगवून दिला होता. तिच्या डोळ्यांचा खरा रंग त्याने मला चारदा विचारून घेतला. तो गेला तेव्हा छातीच्या दुखण्याने गेला असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

बाळ गेलं त्यानंतर एका दुपारी ह्यांनी स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं आणि माझ्यासमोर बसले. "कुरळ्या माझा नुसता मित्र नव्हता," म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांना सापडेना. मी म्हटलं, "कळलं." मग कितीतरी दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. ताट आपटून वाढायचे. कुरळ्याने स्वतःचा रंगवलेला फोटो भिंतीवर होता, तो काढून फेकला. काच फुटली. हे खाली बसून काचा वेचायला लागले. ह्यांचं बोट कापलं. मग मीही बसले आणि वेचायला लागले. काय करणार होते? तो मेलेला माणूस मलाही आवडायचा हो.

माझा राग गेला असं समजू नका. तो आहे. माझं बाळ गेलं, माझं रक्त नासलं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. पण रागवायला समोर माणूस तरी जिवंत हवा ना? ह्या घरात मी एकटीच भांडत बसायचं का? आणि आणखी एक सांगते, लाज वाटत नाही आता. मला हे हवे आहेत. जसे आहेत तसे हवे आहेत. माझं डोकं दुखलं तर न विचारता दिवा घालवणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

काचा वेचल्या त्या दुपारी मी डार्करूमची कडी कुठे गेली ते विचारलं, तेव्हा ह्यांनी सांगितलं.

तुम्ही एकदा न कळवता जेवणाचा डबा घेऊन स्टुडिओत आला होतात. डार्करूम आतून बंद होती. तुम्ही दार वाजवलंत, ते उघडायला वेळ लागला. मग दोघे बाहेर आले. तुम्ही डबा उघडलात, दोघांना वाढलंत, कुरळ्याला आधी. दुसऱ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन आलात आणि स्वतःच्या हाताने आतली कडी काढून पिशवीत टाकलीत. "पोरं आत अडकतील," म्हणालात. कुठली पोरं, आक्का? तिथे तर चिटपाखरू नव्हतं. डार्करूमला कडी नसली की कुणीही दार ढकलतं, उजेड शिरतो आणि फिल्म जळते. लोकांच्या लग्नाचे, बारशाचे फोटो काळे पडले. गिऱ्हाइकांनी ह्यांना तोंडाला येईल ते सुनावलं. ह्यांनी ऐकून घेतलं, पण दुसरी कडी लावली नाही, कारण तुम्ही काढली होती.

आणि त्याच वर्षी तुम्ही मला बघायला आलात. निघताना माझे दोन्ही हात धरलेत. "माझा भाऊ हळवा आहे. त्याला सांभाळ." मला वाटलं, काय मायेची नणंद मिळाली! घरी सगळ्यांना सांगत सुटले. तुम्ही कडी काढलीत आणि तिच्या जागी मला बसवलंत. मी लोखंडाची नव्हते एवढाच फरक.

"तेव्हा मला माहीत नव्हतं," असं निदान माझ्याशी बोलू नका. तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत आहे. ह्यांचा जीव तुम्हाला कळू नये म्हणून चालला आहे, आणि तुम्हाला तर कळून युगं लोटली. मला सांगा, ह्याच्यावर मी कुठल्या भिंतीवर डोकं आपटू? ह्यांना मी सांगितलं, आक्कांना माहीत आहे. ह्यांनी कानांवर हात ठेवले. माझ्या तोंडून त्यांना ते नको आहे. तुमच्याकडून हवं आहे.

तुमच्यावरचा माझा राग मोठा आहे, पण तो नंतर. हे वाचले तर आपण दोघी झिंज्या धरून भांडू. मी तयारच आहे.

तुमची अट मला मान्य आहे. मी जाते. येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने. केंद्रातल्या नर्सबाईंच्या ओळखीने दुसऱ्या गावी एका स्टुडिओत फोटो कापायचं काम मिळतंय. माझ्या गोळ्या तिकडच्या केंद्रातून घेता येतील. ह्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा, निघून गेली. त्यांच्यासमोर मला काय हवं ते म्हणा. पण शिव्या देऊन झाल्या की तिथेच थांबू नका. लहानपणी दाढ काढायला मनगट धरून न्यायचात म्हणे, तसं धरा. खिडकीवरच्या माणसाशी तुम्ही बोला. तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघून बोललात की तोच खाली बघेल. गल्लीत तुमच्यापुढे मान वर करायची कुणाची छाती आहे? आणि ह्यांना तुमच्या घरी न्यायची घाई करू नका, आधी केंद्र. आल्याचा रस नंतर पाजा.

पाकिटात ह्यांचे फोटो आहेत, कार्डाला लागतात. अर्ध्या गावाच्या कार्डांवर ह्यांनी काढलेले फोटो, आणि स्वतःचा एकही नव्हता. काल ह्यांना धरून खुर्चीवर बसवलं. शर्ट मागून चिमटे लावून आवळला, म्हणजे अंगावर बसलेला दिसेल. म्हटलं, हनुवटी वर. खांदे सैल. हे म्हणाले, "हसू नका, ते राहिलं." मी म्हटलं, "हसा." हसले. असा फोटो कार्डाला चालत नाही, म्हणून मग दुसरा काढला. हसरा मी ठेवून घेतला आहे. फोटो कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. कटरने मी कापत होते तेव्हा नुसते बघत होते. म्हणाले, "तुझा हात आता माझ्यासारखा सरळ चालतो."

सोबत आणखी एक वेगळा कागद आहे. तो दाजींना दाखवा, गल्लीला दाखवा, खिडकीवरच्या माणसाला दाखवा. त्यात काय आहे ते वाचाल. खोटं आहे हे आपल्या तिघांपलीकडे कुणाला कळायची गरज नाही. चांगुलपणा म्हणून करत नाही, तसली मी नाही. माझ्याजवळ द्यायला दुसरं काही उरलं नाही म्हणून करते. माझ्या नावाला काळं तुम्ही फासलंच आहे, त्यावर आणखी एक बोट. ह्यांना त्या दारातून आत जायला तेवढा आडोसा मिळाला तर जातील.

किल्ली घड्याळवाल्याकडे ठेवते. कपबशी अजून कागदातच आहे. शुक्रवारीच या, शनिवारवर ढकलू नका. मी गाडीत बसेन तेव्हा हे एकटे असतील.

आणि ती कडी तुम्ही टाकून दिली नसेल, मला खात्री आहे. येताना घेऊन या. दार सारखं उघडतं आणि ह्यांच्या डोळ्यांवर उजेड येतो.

तुमच्या भावाची बायको


(वेगळा कागद)

दि. २ एप्रिल

ज्यांच्या हाती हा कागद पडेल त्यांस,

नमस्कार. मी हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मनाने लिहिते. माझ्या नवऱ्याला जो आजार आहे तो माझ्यापासून झाला. माझं वागणं चांगलं नव्हतं. त्यांना ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. ते कुणाशीही वाईट वागले नाहीत, आणि कुणीही त्यांच्याशी वाईट वागलं नव्हतं.

माझी चूक झाकायला ते इतके दिवस गप्प बसले. आता मी घर सोडून गेले आहे, तेव्हा त्यांनी औषध घ्यायला हरकत नाही. ते केंद्राच्या रांगेत दिसले तर त्यांना काही विचारू नका. उभं राहवत नसेल तर बसायला जागा द्या. नाव ठेवायचंच असेल तर मला ठेवा. मी तिथे नसेन, त्यामुळे मोठ्याने ठेवलंत तरी चालेल.

त्यांच्या बहिणीला हे सगळं आजच कळलं.

त्यांना आजार देणारी,
त्यांची बायको